सामायिक समुद्र आणि खर्चाची वाटणी : बाल्टिक समुद्राचे उदाहरण

प्रस्तावना

समुद्राच्या पाण्याला राष्ट्रांच्या सीमा ठाऊक नसतात. परंतु ते स्वच्छ ठेवण्याचा खर्च कोणत्या तरी राष्ट्राच्या अंदाजपत्रकातूनच करावा लागतो. एका देशातील शहराचे सांडपाणी शेजारच्या देशाच्या किनाऱ्याला लागत असेल, तर शुद्धीकरणाचा खर्च कोणी करावयाचा? बाल्टिक समुद्राच्या अनुभवावरून या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

उत्तर युरोपातील या समुद्राच्या काठी डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, पोलंड व जर्मनी असे नऊ देश आहेत. पाणलोट क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८.५ कोटी आहे. सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास असून खुल्या समुद्राशी संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांमधूनच येतो. त्यामुळे सर्व पाणी बदलण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. सांडपाणी व शेतीतील खतांमधून आलेले नायट्रोजन व फॉस्फरस तेथेच साचतात. त्यांच्यावर शेवाळ माजते. ते कुजताना तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपतो व जीवसृष्टी गुदमरते.

१९७४ साली, शीतयुद्धाच्या काळात, दोन्ही गटांतील सात राष्ट्रांनी हेल्सिंकी करारावर सह्या केल्या. तो १९८० मध्ये अमलात आला. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९२ मध्ये नवा करार झाला. त्याच वर्षीच्या संयुक्त कृती कार्यक्रमात प्रदूषणाची १३२ प्रमुख ठिकाणे निश्चित करण्यात आली. २० वर्षांचा अंदाजित खर्च सुमारे १८ अब्ज एकू (युरोपूर्वीचे युरोपीय हिशेबी चलन) इतका होता. यांपैकी बरीच ठिकाणे पूर्वीच्या साम्यवादी देशांत होती आणि त्यांच्यापाशी पुरेसा पैसा नव्हता.

निधीचे मार्ग

पहिला मार्ग अनुदान व कर्ज यांच्या मिश्रणाचा होय. सेंट पीटर्सबर्गच्या नैर्ऋत्य सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे काम १९८०च्या दशकात सुरू होऊन पैशाअभावी रखडले होते. नॉर्डिक गुंतवणूक बँक, युरोपीय पुनर्रचना व विकास बँक यांसारख्या संस्थांची कर्जे आणि फिनलंड, स्वीडन आदींची अनुदाने एकत्र आल्यावर ते पूर्ण झाले व २००५ मध्ये सुरू झाले. सुमारे ७ लाख लोकांच्या सांडपाण्याची सोय त्यामुळे झाली.

दुसरा मार्ग कर्जमाफीच्या बदल्यात पर्यावरणरक्षणाचा. पोलंडच्या विदेशी कर्जाचा काही भाग अमेरिका, फ्रान्स, स्वीडन इत्यादी देशांनी सोडून दिला. त्याऐवजी पोलंडने तेवढी रक्कम १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'इकोफंड'मध्ये भरावयाची होती. बाल्टिकमध्ये जाणारे प्रदूषण कमी करणे हा या निधीचा एक अग्रक्रम होता.

तिसरा मार्ग स्थानिक उत्पन्नाचा. पोलंडमध्ये पर्यावरणावरील बहुतांश खर्च प्रदूषण शुल्क, दंड यांसारख्या देशांतर्गत उत्पन्नातूनच झाला. बाहेरचा पैसा हे विरजण होते. दूध घरचेच होते.

श्रीमंत शेजाऱ्याने पैसे का द्यावेत?

यात परोपकारापेक्षा हिशेब अधिक आहे. ज्या शहरात शुद्धीकरण आधीच उत्तम आहे, तेथे आणखी एक किलो फॉस्फरस काढण्यास फार खर्च येतो. ज्या शहराचे सांडपाणी तसेच समुद्रात जाते, तेथे तोच एक किलो बऱ्याच कमी खर्चात निघतो. फिनलंडच्या आखाताचे पाणी सुधारावयाचे असेल, तर फिनलंडने आपला काही पैसा सेंट पीटर्सबर्गमध्ये खर्च करणे फायद्याचे ठरते.

मर्यादा

२००७ च्या बाल्टिक कृती योजनेने २०२१ पर्यंत समुद्र सुस्थितीत आणण्याचे ध्येय ठेवले होते. ते साध्य झाले नाही. २०१६ ते २०२१ या काळातही ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने ग्रस्त होते. शहराचे सांडपाणी नळाच्या तोंडाशी अडवता येते. हजारो शेतांमधून झिरपणारे खत तसे अडवता येत नाही. शिवाय तळाशी साचलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळत राहतो.

दुसरी मर्यादा राजकीय आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर त्या देशासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी थांबला आणि हेल्सिंकी आयोगाच्या नियमित बैठकाही स्थगित झाल्या. शीतयुद्धात टिकलेल्या सहकार्यात येथे खंड पडला.

समारोप

प्रदूषणाचे ठिकाण निश्चित आहे, काम मोजता येते आणि कर्ज फेडणारी स्थानिक संस्था आहे, तेथे आंतरराष्ट्रीय निधी फलदायी ठरला. जेथे प्रदूषण विखुरलेले आहे किंवा शेजाऱ्यांतील विश्वासच तुटला आहे, तेथे केवळ पैसा पुरत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व मालदीव यांनी १९९५ मध्ये दक्षिण आशियाई समुद्रांसाठी कृती योजना स्वीकारली. पदवीच्या पर्यावरण अभ्यासाच्या तासाला अरबी समुद्राविषयी बोलताना विद्यार्थ्यांपुढे हेच प्रश्न ठेवता येतील : घाण नेमकी कोठून येते, ती कोठे स्वस्तात अडेल, आणि बाहेरचा निधी संपल्यावर खर्च कोण चालवील?