खाडीपलीकडचे उद्यान, घाटाखालचे उद्यान

(तृतीय वर्ष कला)

पदरचे पैसे मोजून, तासभर रांगेत उभे राहून, वर हसतमुखाने भीती विकत घेणारा प्राणी सृष्टीत एकच आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतला पाळणा घ्या, नाहीतर माहीमच्या उरुसातला; तिकिटाच्या खिडकीपाशी झुंबड ठरलेली. या खरेदीचा मला लहानपणापासून शौक आहे. त्या शौकात शौर्याचा भाग किती, ते लेखाच्या अखेरीस वाचकांना कळेलच.

प्रस्तुत लेखात मी दोन उद्यानांची तुलना करणार आहे. पहिले मुंबईच्या गोराई खाडीपलीकडचे एस्सेल वर्ल्ड. ते सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने १९८९ साली उघडले. दुसरे खोपोलीजवळ, बोरघाटाच्या पायथ्याचे इमॅजिका. ते मनमोहन शेट्टी यांनी २०१३ साली उभे केले. २०१३ पासून २०२० च्या टाळेबंदीपर्यंत ही दोन्ही उद्याने एकाच गिऱ्हाइकाकडे डोळे लावून बसली होती. ते गिऱ्हाईक म्हणजे शाळांच्या सहली आणि सुट्टीतली कुटुंबे. आमच्या वर्गातही तेव्हा दोन तट पडले होते, आणि मी कट्टर एस्सेल वर्ल्डवाला होतो.

आधी एक भेद स्पष्ट करतो. ‘अम्यूझमेंट पार्क’ आणि ‘थीम पार्क’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. पहिल्याची जात जत्रेची. पाळणे, चक्रे, घसरगुंड्या कुंपणाच्या आत कायमच्या मांडल्या की झाले अम्यूझमेंट पार्क. कोपनहेगनचे टिवोली १८४३ पासून चालू आहे. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली निघाले. १९८२ च्या आशियाई खेळांचा हत्ती ‘अप्पू’ याचे नाव त्याला दिले होते; ते २००८ साली बंद झाले. थीम पार्कची जात नाटकाची. तिथे प्रत्येक पाळण्याला एक गोष्ट असते, आणि इमारती, संगीत, नोकरांचे पोशाख हे सगळे त्या गोष्टीला धरून असते. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडून हा प्रकार जगभर रूढ केला. या हिशेबाने एस्सेल वर्ल्ड जत्रेच्या कुळातले, तर इमॅजिका नाटकाच्या.

एस्सेल वर्ल्ड मी पाहिले २०१६ साली, सहावीच्या सहलीत. तिथे जाण्याची मौज अशी की वाट पाण्यातून होती. बोरिवलीच्या बाजूने धक्क्यावर जायचे, बोटीत बसायचे आणि खाडी ओलांडायची. काठाच्या तिवरांचा वास, इंजिनाची धडधड, आणि समोर सोनेरी शिखर. ते शिखर उद्यानाचे नव्हे, तर शेजारच्या विपश्यना पॅगोडाचे. त्याच्यासाठी जागा सुभाषचंद्रांनीच दिली, आणि २००९ साली तो खुला झाला. एका कुंपणाच्या आत लोक डोळे मिटून श्वास मोजत बसलेले आणि पलीकडच्या कुंपणात आमच्यासारखे बेंबीच्या देठापासून ओरडणारे, असा शेजार अन्यत्र क्वचितच असेल.

तिथली ज्याची त्याच्या तोंडी असलेली राइड म्हणजे शॉट-एन-ड्रॉप. एका उंच मनोऱ्याला खुर्च्या लावलेल्या. त्या माणसांसकट वर फेकायच्या आणि खाली सोडायच्या. यात कथा नाही, पात्रे नाहीत. नावातच सगळे आले. मग पोटात गोळा का येतो? एरवी आपल्या पोटातले अवयव एकमेकांवर भार टाकून असतात आणि त्या भाराची आपल्याला सवय असते. खुर्ची मोकळी खाली पडू लागली की शरीर आणि त्यातले अवयव एकाच वेगाने पडतात. तो भार नाहीसा होतो. त्या नाहीशा झालेल्या वजनालाच आपण ‘गोळा आला’ म्हणतो.

या जातीच्या राइडचे दुसरे वैशिष्ट्य असे की सगळा मामला उघड्यावर असतो. रांगेत उभे राहून पुढच्यांचे काय होते ते आपण पाहत असतो. त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात, उतरतानाचे चेहरे दिसतात. रांग एकेक पाऊल सरकते आणि निर्णय आपल्या अंगावर येतो.

इमॅजिकाला गेलो २०२४ च्या डिसेंबरात. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन चार महिने पैसे साठवले होते. आम्ही पाच मित्र खोपोली लोकलने गेलो आणि पुढे रिक्षाने. बोट नाही, खाडी नाही. पण समोर सह्याद्रीची भिंत उभी होती, आणि त्या भिंतीचा आतल्या एका राइडशी जवळचा संबंध निघाला.

ती राइड म्हणजे राजासॉरस. होडीत बसून अंधारातून जायचे, अंगावर धावून येणारे डायनोसॉर पाहायचे आणि शेवटी पाण्यात आदळून भिजायचे. मला वाटले, नाव बनावट असणार. घरी येऊन वाचले तेव्हा थक्क झालो. राजासॉरस हा खरा प्राणी! त्याची हाडे गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीच्या परिसरात सापडली आणि २००३ साली त्याचे ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे बारसे झाले. तो मांसाहारी होता आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात वावरत होता. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. त्या थरांचाच आपला सह्याद्री झाला. म्हणजे होडीतून भिजून बाहेर आल्यावर जो डोंगर दिसतो, तो त्या राजाच्या काळाचा साक्षीदार आहे. उद्यानाच्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट मला अधिक थरारक वाटली.

‘मिस्टर इंडिया’ ही १९८७ च्या चित्रपटावरची राइड. तिथे आपण जागचे फारसे हलत नाही, हलते ती खुर्ची. पडद्यावरचे वाहन सुसाट निघाले की खुर्ची मागे कलते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘मागे कललो’ आणि ‘पुढे वेगाने ढकलले गेलो’ यांत नीट फरक करू शकत नाही. डोळे सांगतात, वाहन धावते आहे. मेंदू डोळ्यांचे ऐकतो. फसवणूक खरी, पण फसायलाच तर आपण आलेलो असतो.

आणि मग नायट्रो! चाळीस मीटर उंचीची, स्वित्झर्लंडच्या बोलिजर आणि माबिलार्ड या कंपनीने बांधलेली ही रोलर कोस्टर आपल्याला पाच वेळा उलटे करते. हिच्या डब्यांना पायांखाली फळीच नाही; पाय हवेत लोंबतात. पुष्कळांना वाटते की तिला जबरदस्त इंजिन असेल. तसे नाही. साखळी आपल्याला एकदाच माथ्यावर ओढून नेते. पुढचे सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. चाळीस मीटरवरून सुटलेली वस्तू घर्षण नसेल तर तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने पोचते. उंचीवर मिळवलेले भांडवल ती वळणावळणाला खर्च करत शेवटाला येते.

तिचा उभा फेराही नीट पाहावा. तो वर्तुळाकार नसतो, थेंबासारखा असतो. खाली रुंद, वर चिंचोळा. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाच्या गाडीला खरा गोल फेरा दिला होता. वेगात त्या गोलात शिरताना एकदम एवढा दाब येई की लोकांच्या माना धरत. १९७६ साली जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याच्या आराखड्याने थेंबाचा आकार वापरात आला आणि उलटे होणे माणसाच्या मानेला परवडू लागले. म्हणजे घाबरवण्याच्या या विद्येत खरी बुद्धी खर्च झाली आहे ती माणूस धड परत यावा यासाठी.

आता तुलना. देखावा, कथा, यंत्रांची सफाई, यांत इमॅजिका निर्विवाद सरस. तिथे रांगेलाही नेपथ्य असते, त्यामुळे वाट पाहण्याचा शीण जाणवत नाही. पण बहुतेक ठिकाणी भीती पडद्याआड असते. आत काय आहे ते कळेपर्यंत आपण बसलेलो असतो. एस्सेल वर्ल्डची भीती आधी दिसायची आणि ‘येतोस का?’ असे विचारायची. म्हणून भीतीचा कस एस्सेल वर्ल्डमध्ये अधिक लागे, असे माझे मत होते. हे मत मी नऊ वर्षे वर्गात, कट्ट्यावर आणि कॅन्टीनमध्ये ठणकावून मांडले.

ते मांडण्याचा अधिकार मला नव्हता. २०१६ च्या त्या दिवशी शॉट-एन-ड्रॉपच्या रांगेत पुढे चारच जण उरले असताना मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तसाच रांगेतून निसटलो. माझा बाकावरचा मित्र मात्र बसला. खाली आला तेव्हा रडत होता. मी त्याला सांगितले की मी आधीच दोनदा बसून आलो. वर वर्षभर त्याला ‘रडूबाई’ म्हणून हिणवण्यात मीच पुढे होतो.

तोच मित्र परवा नायट्रोवर माझ्या शेजारी होता. साखळी खडखडत वर चढत असताना त्याने विचारले, “त्या शॉट-एन-ड्रॉपपेक्षा हे भारी आहे की नाही रे?” मी ‘हो’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार? खाली उतरलो तेव्हा पाय लटपटत होते, आणि ते केवळ नायट्रोमुळे नव्हे.

इमॅजिका २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले आणि आज जोरात चालू आहे. एस्सेल वर्ल्ड २०२२ साली बंदच झाले. तेव्हा त्या रांगेत पुन्हा उभे राहून राहिलेला हिशेब चुकता करण्याची सोय आता नाही. जी तुलना मी वर केली तिच्या एका पारड्यात मी कधी बसलोच नव्हतो, हे वाचकांनी लक्षात ठेवून माझा निकाल वाचावा.

तो मित्र याच महाविद्यालयात आहे. अंक छापून आला की पहिली प्रत मी स्वतः त्याला नेऊन देणार आहे. हे पान उघडूनच.