नारळीकरांनी आणलेला ट्रॉयचा घोडा

सापगावकर वाचकहो, ग्रीक पुराणकथेवर बेतलेली विज्ञानकथा मराठीतही आहे! जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातली ‘ट्रॉयचा घोडा’.

मूळ गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. ग्रीकांनी लाकडी घोडा वेशीबाहेर सोडला, ट्रॉयवाल्यांनी तो कौतुकाने आत ओढला आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक उतरले. आता ट्रॉयच्या जागी पृथ्वी ठेवा अन् घोडा अंतराळातून येऊ द्या. शीर्षक वाचताच आपण सावध होतो, पात्रं मात्र बेसावध. खरी गंमत तिथेच!

ग्रीक पुराणकथेचाच धागा पकडून मेरी शेलीने १८१८ साली आपल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीला ‘आधुनिक प्रोमिथियस’ असं उपशीर्षक दिलं. प्रोमिथियसने माणसासाठी आग चोरली, पण त्याला छळलं देवांनी. शेलीच्या शास्त्रज्ञावर तर त्याचीच निर्मिती उलटते. माझ्या मते तिथे आपला भस्मासुर जास्त चपखल बसतो. वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला!

नारळीकरांनी तोही सोडला नाही: ‘अंतराळातील भस्मासुर’. शिवाय ‘वामन परत न आला’मधला वामन चक्क यंत्रमानव आहे.

भातसा नदीकाठी कुणाकडे या पुस्तकांच्या जुन्या प्रती असतील तर कळवा, आलटूनपालटून वाचू.