सोनं मोडण्याआधी बिलं बघा

जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटलं की मालक हमखास सांगतो, ‘इंजिनचं काम नुकतंच केलंय, बघायचं कामच नाही!’ खरं तर तिथूनच बघायला सुरुवात करावी.

आमचं घर साताऱ्यात, माणसं आठ. देवदर्शनाला, लग्नकार्याला सगळे एकत्र जावेत म्हणून यजमानांनी सांगलीची एक टाटा सुमो बघितली. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, त्यामुळे मिळेल ती जुनीच. पैसे माझ्या पाटल्या मोडून उभे राहणार होते, म्हणून मीही सोबत गेले. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेला गाळ! सांगलीत २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचा पूर आला होता. इंजिनच्या कामाचं बिलही मिळेना. आम्ही सौदा सोडला.

दुरुस्ती झालेली गाडी वाईटच असते असं नाही. काम नीट झालं असेल तर डिझेल इंजिन पुढे चांगलं चालतं. पण काय बदललं, कधी बदललं, त्याची बिलं हवीत. इंजिन थंड असताना गाडी आपल्यासमोर सुरू करायला लावा. निळसर धूर आला तर ऑईल जळतंय समजा. मॅटिंग उचलून गंज बघा. आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्या, मालकाचा नको.

आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही ना, हे तपासा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती नव्याने करावी लागते. त्याचा खर्च धरूनच किंमत ठरवा.