लहान मासा परत पाण्यात

आपल्या जालना जिल्ह्यात मोठी नदी एकच, गोदावरी. तीही दक्षिणेच्या कडेने जाते. दुधना, पूर्णा, कुंडलिका, गिरजा या नद्या पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात सुकतात. म्हणून ठिकठिकाणी पाणी अडवून तळी आणि धरणे बांधली. जालना शहराला पाणी देणारे घाणेवाडीचे तळे निजामाच्या काळातले आहे. बदनापूर तालुक्यात अप्पर दुधना, भोकरदन तालुक्यात जुई आणि धामणा, जाफराबाद तालुक्यात जीवरेखा, अंबड तालुक्यात गल्हाटी अशी धरणे आहेत. शिवाय गावोगाव पाझर तलाव आहेत.

तळे भरले की मासे आले. मासे आले की पोरे गळ घेऊन धावली. तेव्हा पोरांना तळ्यावर कसे न्यावे, मासा कोणता धरावा आणि कोणता सोडावा, हे मोठ्यांना ठाऊक पाहिजे.

तळ्यावर जाताना

भादवा सरत आला होता. एका गावचे आजोबा आपल्या नातीला घेऊन तळ्यावर निघाले. नात आठ वर्षांची. खांद्यावर वेळूची काठी. काठीला बारीक दोर, दोराला गळ. गळाच्या वर शिशाची गोळी बांधलेली. तिच्या वर ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा. चिपाड पाण्यावर तरंगते. ते बुडाले की मासा लागला असे समजायचे. डब्यात ओल्या मातीत गांडुळे आणि फडक्यात कणकेच्या गोळ्या.

वाटेत आजोबा एका घरापाशी थांबले. आत जाऊन बोलून आले.

"आबा, तिथं काहून गेले होते?" नातीने विचारले.

"माय, तळ्यातले मासे संस्थेचे हायेत. विचारल्याबिगर गळ टाकू नये."

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक तळ्यांत मासे धरण्याचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, माशांचे बी सोडते, राखण करते. तेव्हा आधी विचारावे. परवानगी मिळाली तर एका गळाने आनंदाने मासे धरावेत. नाही मिळाली तर दुसरीकडे जावे.

पोर हाताच्या अंतरावर

तळ्याच्या बांधावर पाटी होती. आजोबांनी बोट ठेवून वाचले, "पाणी खोल आहे." मग नातीकडूनही वाचून घेतले. तुम्हीही आता वाचायला शिकला आहात. तळ्यावरची पाटी पहिल्यांदा वाचा.

आजोबा काठावर बसले. नातीला हाताच्या अंतरावर बसवले.

"मी जरा पुढं जाऊ का आबा? पाणी तर गुडघ्याएवढंच दिसतंय."

आजोबांनी वेळूची काठी पाण्यात घातली. हातभर खाली जमीन लागली. काठी दोन पावले पुढे रोवली. पुन्हा जमीन लागली. आणखी एक पाऊल पुढे सरकवली, तर सगळी काठी आत गेली. तळ लागेना! नात घाबरून मागे सरली.

उन्हाळ्यात तळे आटते. लोक गाळ काढून शेतात नेतात. ते चांगलेच काम आहे. गाळाने रान सुधारते आणि तळ्यात पाणी जास्त मावते. पण गाळ काढलेल्या जागी खोल खड्डे राहतात. तळे भरले की खड्डे दिसत नाहीत. वरून पाणी सपाट, खाली एकदम पुरुषभर खोल. शिवाय आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. म्हणून ओळखीच्या तळ्यातही पोराला एकटे उतरू देऊ नका. सांडव्यापाशी आणि पाणी सोडण्याच्या दारापाशी बसू नका. आभाळ गडगडू लागले तर गळ गुंडाळा आणि घर गाठा.

एखादे पोर पाण्यात पडलेच, तर आरडाओरडा करून माणसे बोलवा. पोहता येत नसेल तर मागून उडी मारू नका. एकाच्या जागी दोघे बुडतात. काठी पुढे करा. दोर, धोतर, लुगडे, हाती लागेल ते फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबाही माणसाला तारतो. बाहेर काढलेले पोर श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. तोंडाला तोंड लावून श्वास द्या, छाती दाबा आणि दुसऱ्या माणसाला १०८ नंबरवर फोन करायला सांगा.

तोंड पाहून मासा ओळखा

आजोबांनी गळ टाकला. नातीने विचारले, "आबा, मासे खाली असतात का वर?"

"त्याचं तोंड बघ, म्हंजे कळतं," आजोबा म्हणाले.

आपल्या तळ्यांत मुख्य मासे तीन. कटला, रोहू आणि मृगळ. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले. तो वरच्या थरातले खातो. रोहूचा रंग जरा तांबूस, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाशी चरतो. एकाच गोठ्यात तीन गव्हाणी असाव्यात तसे हे आहे. तिघे एका तळ्यात राहतात, पण एकमेकांच्या तोंडचा घास फारसा काढत नाहीत. म्हणून या तिघांचे बी एकत्र सोडतात.

म्हणून कटला धरायचा तर गळ वर ठेवावा आणि मृगळ धरायचा तर तळाला सोडावा. चिपाडाचा तुकडा दोरावर वरखाली सरकवला की काम होते.

नात रुसली

चिपाड बुडाले. नातीने काठी उचलली. मासा लागला होता! पण तो होता वितीपेक्षा लहान. रोहूचे पिल्लू. नात टाळ्या पिटू लागली.

आजोबांनी आधी आपले हात पाण्यात बुडवले. ओल्या हाताने मासा धरला. गळ हळूच काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

नातीच्या डोळ्यांत पाणी आले. "माझा मासा होता! काहून सोडला?"

आजोबा म्हणाले, "माय, आपल्या वावरात हरभरा उगवून वर आला, अन् कुणी वीतभर झाल्यावरच उपटून नेला, तर?"

"घाटे कुठून लागतील मग?"

"तसंच हाये हे. तळं म्हंजे पाण्याचं वावर."

आजोबांचे म्हणणे अगदी खरे आहे. आज सोडलेला तो छटाकभर मासा चांगल्या तळ्यात वर्षभरात पाऊण ते एक किलोचा होतो. आज धरला तर एक घास. वर्षाने धरला तर घरादाराचे जेवण.

मासा सोडताना हात ओले का करायचे? माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याला रोगापासून वाचवतो. कोरड्या हाताने तो थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे मरतो.

चिलापी मासा मात्र लहान असला तरी खुशाल घरी न्यावा. तो मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो आपल्या देशात आणला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते. त्याची वाढ इतकी होते की तळे त्यानेच भरून जाते आणि दुसऱ्या माशांना खायला उरत नाही.

बी कुठून येते?

नात पुन्हा म्हणाली, "मासे तर अंडी घालतात. मग बी कशाला सोडायचं?"

प्रश्न शहाणपणाचा आहे. रोहूची एक मादी लाखांनी अंडी घालते. पण ती घालते पावसाळ्यात, नदीला लोंढा आल्यावर. साचलेल्या लहान तळ्यात ती सहसा अंडी घालत नाही. म्हणून पूर्वी बंगालकडच्या नद्यांत बारीक जाळी लावून पिल्ले गोळा करीत आणि दूरदूर पाठवीत. त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत आणि पुष्कळ पिल्ले वाटेतच मरत.

ही अडचण हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी सोडवली. माशाच्या मेंदूखाली एक बारीकशी गाठ असते. तिचा रस त्यांनी अंडी धरलेल्या मादीला सुईने टोचला. मादीने नदीवाचून अंडी घातली. हे झाले ओडिशातल्या अंगूल गावी, १० जुलै १९५७ रोजी. आजही १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

आता अशा रीतीने बीज केंद्रात पिल्ले तयार होतात. अगदी लहान पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी असतात. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. बोटुकली तळ्यात सोडतात. तिच्यासाठी पैसे मोजलेले असतात.

तळे आटले की हे सगळे जाते. २०१२–१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने ते पाहिले. तळ्यांच्या तळाला भेगा पडल्या. पुढे पाऊस आला, पाणी आले, पण मासे पावसाबरोबर आभाळातून पडत नाहीत. काही ओढ्याने वरून येतात. बाकीचे कुणीतरी पुन्हा सोडावे लागतात.

मरळीची पिल्ले

परत निघताना नातीला काठाजवळ पाण्यावर एक लाल ढग दिसला. ढग हलत होता! शेकडो बारीक तांबडी पिल्ले एकत्र पोहत होती.

"गप बस," आजोबा हळूच म्हणाले, "खाली त्यांची माय आन् बाप हाये."

ती मरळीची पिल्ले. मरळ आपल्या तळ्यात आपणच वाढते. ती पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, म्हणून थोड्या पाण्यात आणि चिखलातही तगते. नर आणि मादी पिल्लांची राखण करतात. तेव्हा त्या जागी गळ टाकला तर मोठी मरळ चटकन लागते. पण तिच्यामागे पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात. एका माशासाठी शेकडो मासे जातात. लाल ढग दिसला की तिथून गळ उचलावा.

काही लोक पाण्यात विष कालवतात किंवा सुरुंग उडवतात. हा कायद्याने गुन्हा आहे. त्यात लहानमोठे सगळे मासे मरतात. ते पाणी गुरे पितात, माणसेही पितात.

त्या दिवशी दोघांना एक मोठा मृगळ आणि चार चिलापी मिळाल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढेच का?"

नात म्हणाली, "एक पुढल्या वर्षासाठी पाण्यात ठेवलाय!"

विचार करा

१. तुमच्या गावच्या तळ्याचा ठेका कुणाकडे आहे? चौकशी करा.
२. गाळ काढलेले खड्डे कुठे आहेत? पाणी भरण्याआधी पोरांना ती जागा दाखवून ठेवा.
३. तळ्यावरची पाटी वाचता येते का? पाटी नसेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करा. अर्ज स्वतःच्या हाताने लिहा.