फियाट स्पायडर विकाऊ आहे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उघड्या टपाची एखादी जुनी इटालियन गाडी विकायला निघाली की नवीन पनवेलमध्ये सोसायटीच्या पार्किंगपासून गॅरेजपर्यंत सल्ले सुरू होतात. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.’ ‘फियाटच ना, पद्मिनीचे पार्ट बसतील.’ ‘लेफ्ट हँड आहे, पासिंग होणार नाही.’ अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून कुणी चांगली गाडी हातची घालवतो, तर कुणी सडकी गाडी गळ्यात मारून घेतो. म्हणून फियाट 124 स्पायडर हे एकच उदाहरण घेऊन वस्तुस्थिती सांगतो.

वयाचा गैरसमज सगळ्यात पक्का आहे, आणि त्याला कारणही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा जुन्या गाड्यांवर बंदीच आली असं अनेकांनी धरून चाललं. ती टॅक्सी ज्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे उतरली, ती मर्यादा टॅक्सीसाठी होती. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची अट ऐकू येते ती दिल्ली परिसरातली. महाराष्ट्रात खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर तपासणी होते, कर भरावा लागतो आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. गाडी धडधाकट असेल तर ती चालवण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो.

पन्नास वर्षांपुढच्या गाडीसाठी 2021 पासून वेगळे व्हिंटेज नियम आहेत. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. इथे उलटा गैरसमज होतो: व्हिंटेज नोंद झाली म्हणजे रान मोकळं. तसं नाही. ही गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी खंडाळ्याला भजी खायला जायचं मनात असेल, तर ही नोंद तुमच्या कामाची नाही.

आता पार्टचं बघू. या समजुतीत थोडं तथ्य असल्यामुळेच ती जास्त फसवते. प्रीमियरची पद्मिनी मुळात इटालियन फियाट 1100 होती, पण 124 हे त्यानंतरचं, वेगळं घराणं. या 124 चं भारतीय भावंड म्हणजे 1985 ची प्रीमियर 118 एनई. मात्र तिच्या बॉनेटखाली निस्सानचं इंजिन होतं. 1966 साली आलेल्या स्पायडरची बॉडी पिनिनफरीनाची, आणि इंजिन पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं: दोन कॅमशाफ्ट, दातेरी पट्ट्यावर फिरणारे. पद्मिनीचं 1089 सीसीचं साधं इंजिन उभ्या आयुष्यात खोललेल्या उत्तम मिस्त्रीलाही इथे नव्याने शिकावं लागतं. आधीच्या मालकाला तो पट्टा कधी बदलला ते सांगता आलं नाही, तर गाडी घेतल्यावर पहिला खर्च त्याचाच. तरीही ‘पार्ट मिळतच नाहीत’ हेही खरं नाही. 1985 पर्यंत सुमारे दोन लाख स्पायडर बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग आजही तयार होतात. ते मागवावे लागतात, वाट पाहावी लागते, आयातशुल्क भरावं लागतं.

अमेरिकेत गेलेल्या म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या. अशी गाडी भारतात चालवणं मुळातच बेकायदा आहे, हाही समजच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 प्रमाणे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतला सिग्नल, म्हणजे इंडिकेटर असला पाहिजे. त्या कलमाची अट एवढीच आहे.

‘एवढी यातायात कशाला, पद्मिनीचा टप कापून घेऊ’ असं म्हणणाऱ्यांना मात्र मी हात जोडून थांबवतो. छत हा बंद गाडीच्या ताकदीचा भाग असतो. ते कापलं की दारांच्या खालच्या पट्ट्यांवर सगळा ताण येतो आणि गाडी मधोमध वाकू लागते. शिवाय कंपनीने दिलेली मूळ रचना बदलायला कलम 52 ची मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. बॉडी कापलेल्या गाडीला पुढे व्हिंटेज नोंदही मिळत नाही.

इटालियन गाड्या सारख्या बंद पडतात, ही तक्रार वर्षानुवर्षं चालत आली आहे. माझ्या मते इंजिनाची भीती वाजवीपेक्षा जास्त आणि गंजाची फारच कमी बाळगली जाते. आपल्याकडे चार महिने कोकणचा पाऊस आणि वर्षभर खाडीचा दमट वारा. बॉनेट उघडा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या घुमटाकार पत्र्याकडे बघा. स्पायडर हमखास तिथेच सडते. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या भागावरून, दारांच्या खालून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. मग गाडी जॅकवर घ्या आणि दार उघडून लावून बघा. दार अडकलं तर सांगाडा खचलाय, वरचा रंग कितीही चकाको.

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि कार्बोरेटरची रबरं बदलून घ्या. गळकी नळी गरम इंजिनाजवळ असते हे विसरू नका.

कागदांच्या बाबतीत ‘आरसी आहे ना, झालं’ एवढ्यावर समाधान मानू नका. व्हिंटेज नोंदीची गाडी विकली-घेतली तर 90 दिवसांत परिवहन खात्याला कळवावं लागतं. गाडी बाहेरून आणलेली असेल तर सीमाशुल्काची कागदपत्रं मूळ स्वरूपात मागा. ती नसतील तर किंमत कितीही कमी असो, उठून या. आणि बयाणा देण्याआधी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला प्रत्येक आकडा आरसीवरच्या आकड्याशी जुळवून बघा.