सौरवारा आणि पृथ्वीच्या तारा

तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना घट्ट आणि मध्ये मोकळी असते, हे मिरज-धारवाडच्या टापूत कुणाला सांगायला नको. पृथ्वीभोवतीही अशा तारा आहेत. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकल्यावर रेषा उमटतात, तशा पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा दक्षिण गोलार्धातून निघून, अवकाशात कमान टाकून उत्तर गोलार्धात उतरतात. त्यांना धक्का बसला की त्या थरथरतात. स्वीडनचे हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ साली अशा लहरींचे गणित मांडले. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या तारा छेडतो सूर्य. त्याच्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो, एरवी सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने. सूर्याच्या प्रभामंडळात विवरे पडली की तिथून तो ६०० ते ८०० किलोमीटरने सुटतो. हे वादळ नव्हे, नुसता जोराचा वारा. पण तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला घासून जाताना, तळ्यावर उठाव्यात तशा लाटा कवचाच्या सीमेवर उठतात. त्या आत शिरतात आणि ज्या बलरेषेचा सूर त्यांच्याशी जुळतो, ती झंकारू लागते. हा खर्ज मात्र कुठल्याही गवयाच्या आवाक्याबाहेरचा! एका आंदोलनालाच अडीच ते दहा मिनिटे लागतात.

जमिनीवर ही थरथर चुंबकसूचीच्या किंचित हालचालीतून कळते. असल्या नोंदींना विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ साली अलिबागला हलवले गेले. एवढे सोवळे पाळावेच लागते.

या मंद लहरींचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन सुमारे दहा मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतात. लहरीचा ठेका त्यांच्या फेरीशी जुळला, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसे त्यांचे बळ वाढत जाते. इतर लहरीही या कामी हातभार लावतात. असे माजलेले इलेक्ट्रॉन उपग्रहाचा पत्रा भेदून आत साठतात आणि एखाद्या क्षणी आतल्या आत ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये काही दिवस वेगवान सौरवारा वाहत असताना कॅनडाचे आनिक ई-१ व ई-२ हे उपग्रह एकाच दिवशी भरकटले. त्यांना स्थिर ठेवणाऱ्या चाकांच्या नियंत्रणात बिघाड झाला होता. पहिला काही तासांत सावरला. दुसऱ्याला पुन्हा कामाला लावायला कित्येक महिने लागले.

आपल्या भूस्थिर उपग्रहांची देखभाल हासनच्या केंद्रातून होते. भारताचे आदित्य एल-१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सौरवारा मोजत आहे. तिथून ८०० च्या वेगाचा झोत अर्ध्या तासात येऊन धडकतो. पण इलेक्ट्रॉनांना बळ चढायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. उपग्रहावरची नाजूक कामे पुढे ढकलायला तेवढी सवड मिळते.