बेवारस प्रेतांचा जनक

भयपटाचे नाव काढले की आपल्यातला शिकलेला माणूस नाक मुरडतो आणि रात्रीच्या खेळाला जाऊन तोच पाहून येतो. तेव्हा या विषयाबद्दल क्षमा मागण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. ज्या गृहस्थाविषयी आज बोलायचे त्याचे नाव जॉर्ज रोमेरो. मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांना खातात, ही आज जगभर 'झोंबी' या नावाने माहीत असलेली कल्पना मुख्यतः याने रुजवली. आणि ज्या चित्रपटाने ती रुजली त्याच्यावर त्याच्या कर्त्यांचा मालकीहक्कच उरला नाही! हे कसे झाले ते पाहिले म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे मर्म हाती लागते.

रोमेरोचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. शिक्षणासाठी तो पिट्सबर्ग या पोलादाच्या गावी आला आणि तेथेच रमला. मित्रांबरोबर एक छोटी संस्था काढून तो जाहिरातींचे चित्रपट करू लागला. लहान मुलांच्या एका सुप्रसिद्ध दूरदर्शन-कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेवरचा छोटा चित्रपटही त्याने केला होता. रोमेरो पुढे थट्टेने म्हणे की, आपला सर्वांत भीतिदायक चित्रपट तोच!

मोठा चित्रपट करायचा तर पैसे हवेत. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले, मग आणखी भागीदार मिळाले आणि एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. हॉलिवूडच्या हिशेबाने ही रक्कम चिल्लरच. इव्हान्स सिटी गावाजवळचे एक पाडायला काढलेले शेतघर मिळाले. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्ताऐवजी चॉकोलेटचे सरबत चालून गेले. पटकथा रोमेरो आणि जॉन रूसो यांनी मिळून लिहिली. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ सालच्या कादंबरीचे ऋण रोमेरोने कधी लपवले नाही.

आता त्याने नवे काय केले? 'झोंबी' शब्द हैतीतला. तेथील समजुतीप्रमाणे झोंबी म्हणजे मांत्रिकाच्या हुकमतीतले प्रेत. रोमेरोने मांत्रिक काढून टाकला. (चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही, ही आणखी एक गंमत.) आपल्याकडच्या भुतांशी ताडून पाहा. आपला मुंजा पिंपळ सोडत नाही, हडळीची काही तक्रार असते; प्रत्येकाची काही इच्छा राहिलेली असते आणि नारळ दिला, शांत केली की बहुधा निभावते. रोमेरोची प्रेते कोणावर रागावलेली नाहीत. त्यांना फक्त भूक आहे. त्यांची समजूत घालता येत नाही.

पण आमच्या मते चित्रपटाचा जीव प्रेतांत नाही, तो घरातल्या माणसांत आहे. सात माणसे अडकलेली. बेन म्हणतो, वर राहून दारे-खिडक्या ठोकून घ्या. हॅरी म्हणतो, तळघरात चला. बाहेर मरण उभे असताना आत भांडण पेटते आणि घात त्या भांडणानेच होतो. प्रेक्षकाचे मन अर्थातच धीराच्या, शहाण्या बेनकडे असते. शेवटी बेन एकटा वाचतो, पण कोठे? हॅरीच्या तळघरात! सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधारी टोळीला तो प्रेत वाटतो आणि ते त्याला गोळी घालतात. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती. रोमेरोने सांगितले आहे की, चाचणीत तो सर्वांत सरस ठरला म्हणून घेतला. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. ऑक्टोबरात पडद्यावर ती गोळी पाहणाऱ्याला आणखी काही सांगावे लागले नसेल.

आता मालकीची कथा. चित्रपटाचे आधीचे नाव वेगळे होते. वितरकाने ते बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केले. हक्काची सूचना जुन्या नावाच्या चौकटीत होती; नवी चौकट बसवताना ती गळाली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात सूचनेविना प्रकाशित झालेली कृती सार्वजनिक होई. एक ओळ गेली आणि चित्रपट बेवारस झाला. ज्याला हवे त्याने प्रती काढाव्या, दाखवाव्या, विकाव्या. कल्पनेवर हक्क कोणाचाच नसतो हे खरे, पण चित्रपटाच्या उत्पन्नावर असतो. ते उत्पन्न दुसऱ्यांच्या खिशात गेले. याच फुकटेपणामुळे चित्रपट घरोघर पोचला हेही खरे. मात्र कर्त्याला ते सांगण्याचा धीर आम्हांला झाला नसता.

पुढे रोमेरो सावध झाला, पण श्रीमंत झाला असे दिसत नाही. १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'साठी इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोने पैशाची मदत केली. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल येथील खऱ्या बाजार-संकुलात, दुकाने बंद झाल्यावर, रात्री-रात्री चित्रण चाले. मेलेली माणसे सवयीने तेथेच परत येतात, सरकत्या जिन्यांवर धडपडतात. हसू येते, आणि मग आपल्या हातातली पिशवी आठवते. १९८५ च्या 'डे ऑफ द डेड'च्या वेळी काटछाट मान्य केली असती तर पैसे जास्त मिळत होते. त्याने रक्तपात कमी न करता पटकथाच लहान केली. हट्ट म्हणा, आम्हांला तो आवडतो. मधल्या 'मार्टिन'मध्ये तर भूतच नाही, स्वतःला रक्तपिपासू समजणारा एक एकाकी पोरगा आहे.

१९९० साली पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली, तिची पटकथा रोमेरोनेच लिहिली; गेलेल्यातले थोडे परत मिळवण्याचा तो प्रयत्न होता. २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये श्रीमंत उंच मनोऱ्यात राहतात आणि गरीब पायथ्याशी. रोमेरो १६ जुलै २०१७ रोजी टोरांटोत वारला. त्यानंतर पाच वर्षांनी, २०२२ साली, आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'तून ही प्रेते डोंबिवलीला पोचली. तेथेही एका बाजूला टोलेजंग इमारत होती आणि दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी.